मी तिचा काका

"तुम्ही कोण?" असं बाईंनी विचारलं, आणि त्या प्रश्नात वावगं काहीच नव्हतं. पालकसभेच्या दिवशी वर्गशिक्षिका दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला हेच विचारणार. त्याच्या आधीच्या जोडप्यालाही त्यांनी विचारलं होतं आणि ते जोडपं कुणाचे कोण ते सांगून बाकावर बसलंही होतं. त्यानं मुलीचं नाव सांगितलं, तुकडी सांगितली, आणि 'मी तिचा बाबा' हे पुढचं वाक्य जिभेवर आलेलंच होतं. पण बाई मध्येच हसल्या. "अगंबाई, आमच्या बडबडीकडचे का? पण तिचे बाबा चारला येतो म्हणालेत. सकाळीच फोन होता त्यांचा. कुणाकडे सोफा पोचवायचाय म्हणे. मग तुम्ही...?" पहिल्यांदा त्याला वाटलं, नावात घोटाळा झालाय, त्याच नावाची दुसरी कुणी मुलगी असेल; कारण त्याच्या मुलीला बडबडी म्हणणं म्हणजे मुक्याला गवई म्हणण्यासारखं होतं. मग 'सोफा' हा शब्द हळूहळू आत उतरला. सोफे पोचवणारा एकच माणूस त्याच्या ओळखीचा होता. बाई वाट बघत होत्या. त्यांच्या गालात खोकल्याची गोळी होती, वरचा डावीकडचा सुळा बसवलेला होता आणि त्याचा रंग शेजारच्या दातांपेक्षा थोडा पिवळट लागला होता. वीस वर्षं कवळ्या आणि दात घडवण्यात गेल्यामुळे माणसाच्या चेहऱ्याआधी त्याला माणसाचं तोंड दिसायचं. त्या पिवळट सुळ्याकडे बघत तो म्हणाला, "मी तिचा काका."

आपण असं का म्हणालो ते त्याला कळलं नाही. मुलगी खोटी पडू नये म्हणून म्हणालो, असं पुढे त्यानं स्वतःला बऱ्याचदा सांगितलं. पण त्या क्षणी मनात मुलगी नव्हती. मनात एवढंच होतं की या खोलीतली बाबांची जागा भरलेली आहे, आणि भरलेल्या जागेवर हक्क सांगायला लागणारा आवाज आपल्याजवळ नाही. "बसा ना, उभे का?" बाई म्हणाल्या, आणि तो मुलांच्या बाकावर गुडघे दुमडून बसला. खरं तर आज तो इथं यायचाच नव्हता. दातांच्या लॅबमधली घासायची मोटर दुपारी जळाली, मालकानं सगळ्यांना घरी पाठवलं, आणि फलाटावरून चुकीच्या गाडीत चढावं तसा तो रिकाम्या दुपारीत चढून बसला होता. शाळेच्या भिंतीजवळून जाताना आठवलं, आज सभा आहे. सभेला बायको जाते असा त्याचा समज होता. म्हटलं, आज आपणच जाऊ, चकित करू. नखांत अजून प्लॅस्टर होतं. बाईंनी एक नोंदवही पुढे ओढली आणि बोटानं एक ओळ दाखवली. "हे बघा, एकही सभा चुकवलेली नाही तुमच्या भावानं. तीन वर्षांत एकही नाही." रकान्यात सही होती. नाव त्याचं होतं, पूर्ण, आडनावासकट. अक्षर धाकट्या भावाचं होतं, सगळं उजवीकडे कललेलं, जोराच्या वाऱ्यात माणसं उभी राहावीत तसं. ते अक्षर सरळ करायला त्यानं स्वतः चार वर्षं घालवली होती. ते काही सरळ झालं नव्हतं.

बाई बोलत राहिल्या. त्यांना बोलायला आवडत होतं, आणि मुलीबद्दल बोलायला तर फारच. "खरं सांगू का, पालक येतात ते बिघडलेली वस्तू परत करायला यावं तसे येतात. हा मार्क का कापला, तो का कापला. पोर शेजारी उभं असतं, त्याच्याकडे बघत पण नाहीत. तुमच्या भावानं पहिल्या भेटीत मला काय विचारलं असेल? म्हणाले, बाई, ती मधल्या सुट्टीत डबा कुणाबरोबर खाते? बास. एवढंच." त्या खोकल्या, गोळी या गालातून त्या गालात गेली. "सहावीत आली तेव्हा ही मुलगी तोंड उघडायची नाही. नाव विचारलं तरी डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, घरी अभ्यास कोण घेतं? तर म्हणाले, बाई, मी नापास माणूस, मला आकड्यांचं काही कळत नाही. मी म्हटलं, मग फारच छान! तिलाच शिकवू दे तुम्हाला. रोज अर्धा तास. तुम्ही चुकायचं, तिनं रागवायचं. शिकवलं की पक्कं होतं हो. आणि दुसरं एक सांगितलं, निकाल लागला की पहिल्या दिवशी मार्कांबद्दल अक्षर काढायचं नाही. खेळायला जा म्हणायचं. बहुतेक पालक हो हो म्हणतात आणि घरी जाऊन विसरतात. हे विसरले नाहीत. आता बघा, गेल्या चाचणीत चाळीसपैकी एकोणचाळीस." एकोणचाळीस त्याला ठाऊक होते. उरलेला एक कुठे गेला तेही ठाऊक होतं: तिसऱ्या पायरीत वजाचं चिन्ह सुटलं होतं. त्या संध्याकाळी त्यानं तशीच पंधरा उदाहरणं तिच्याकडून सोडवून घेतली होती, आणि पंधराच्या पंधरा बरोबर आल्यावर उठताना त्याला जे वाटलं होतं, तो जर अभिमान नसेल तर मग अभिमान कशाला म्हणतात ते त्याला माहीत नव्हतं. वर्षभर तो लॅबमधे सांगत होता, पोरीचं गणित मी घेतो, रोज सात ते नऊ, काय वाट्टेल ते होवो. "फक्त एक आहे," बाई आवाज खाली आणत म्हणाल्या. "घरात कुणीतरी फार कडक आहेत ना? तुमच्या भावानं नाव नाही घेतलं. म्हणाले, माणूस वाईट नाही, पण त्याच्यासमोर पाणी प्यायलं तरी ठसका लागतो. कोण, आजोबा का?" त्याचे वडील जाऊन सव्वीस वर्षं झाली होती. "हो," तो म्हणाला. "आजोबा."

बाहेर व्हरांड्यात आई-बापांची रांग होती. सगळ्यांच्या हातात निकालाचे कागद, सगळ्यांची तोंडं डॉक्टरच्या दारातल्यासारखी. तो जिन्यावरून उतरला, पटांगणातल्या नळावर हात धुतले, प्लॅस्टर गेलं नाही. फाटकाबाहेर येऊन त्यानं बायकोला फोन लावला. ती एका रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीवर बसायची, कामाच्या वेळात फोन केलेला तिला चालत नसे. "काय हो, बरं आहे ना?" तिनं विचारलं. "पालकसभेला कोण जातं?" तो म्हणाला. पलीकडे कुणाचा तरी खोकला, खुर्च्यांची सरकासरक, आणि मग तिचा दबका आवाज, "वय सांगा आजी. बासष्ट? बरं, तिकडे बसा." मग ती त्याला म्हणाली, "भावोजी." "तुला माहीत होतं." "मीच हो म्हटलं होतं." "तू तर जाऊन आले म्हणायचीस." "मी 'झाली सभा' म्हणायचे. 'जाऊन आले' असं एकदाही म्हटलेलं नाही. आठवून बघा." त्यानं आठवून बघितलं. खरंच, कधीच म्हटलं नव्हतं. तीन वर्षं ती तोलून मापून एकेक शब्द टाकत आली होती आणि आपल्या ताटात काय पडतंय हे आपण पाहिलंच नव्हतं. "का पण?" तो म्हणाला. "तिला ताप यायचा," बायको म्हणाली. "सभेची चिठ्ठी वहीत चिकटवली की दुसऱ्या दिवशी ताप. चौथीत दोनदा, पाचवीत तीनदा. औषध तुम्हीच आणायचात." "मग तू जायचंस." "मी गेले असते तर रात्री जेवताना तुम्ही मला एकेक खोदून विचारलं असतं. मला खोटं बोलायला जमत नाही. भावोजींना तुम्ही कधी काही विचारतच नाही." ती थांबली. तिला रडू येत होतं की समोर माणूस उभा होता, कळेना. "घरी आल्यावर बोलू. तिला काही बोलू नका हो. पाया पडते." आणि लगेच, दुसऱ्याच आवाजात, "पुढे या, आधीचा कागद आणलाय का?"

शाळेपासून धाकट्याचं दुकान वीस मिनिटांवर होतं. तो चालत निघाला. ऊन उतरत होतं आणि पायाखालची सावली त्याच्यापुढे पुढे पळत होती. चौथीतली ती सभा त्याला आठवत होती, आणि आजपर्यंत ती चांगली म्हणूनच आठवत आली होती. त्या दिवशी त्यानं अर्धी रजा टाकली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता, सगळ्या उत्तरपत्रिका एका फायलीत लावून नेल्या होत्या आणि प्रत्येक बाईंकडे जाऊन विचारलं होतं, हे दोन मार्क गेले कुठे? घरातून एखादी वस्तू नाहीशी व्हावी तसं. मुलीला त्यानं शेजारी उभं केलं होतं, म्हणजे तिलाही कळावं. भूगोलाच्या बाई म्हणाल्या होत्या, अहो, लहान आहे. तेव्हा त्यानं बाईंना तिथंच मुलीला तो प्रश्न परत विचारायला लावला होता, तिला येतं हे बाईंना दिसावं म्हणून. तिला येत होतं. घरी तिनं तीनदा सांगितलं होतं. तिथं तिनं तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. येताना रस्त्याच्या कडेला एका उभ्या गाडीच्या आडोशाला तिला उलटी झाली. त्याला वाटलं, उन्हानं. त्यानं तिचं कपाळ धरलं होतं, पाठीवरून हात फिरवला होता, थंड काहीतरी घेऊन दिलं होतं. त्या ओल्या, तापलेल्या छोट्या कपाळाचं वजन तळहातावर पडलं होतं ते तो कधी विसरला नव्हता. किती विश्वासानं तिनं डोकं टेकवलं होतं, असं त्याला इतकी वर्षं वाटत आलं होतं. आता चालता चालता त्याला कळलं की तिला डोकं टेकवायला तिथं दुसरं कुणी नव्हतं.

आणि त्याच्याही मागे धाकटा. वडील गेले तेव्हा धाकटा नऊ वर्षांचा होता आणि तो सतरा. आई एका हॉटेलच्या धुलाईत चादरींना इस्त्री करायची, संध्याकाळी यायची ती हाताच्या बोटांना फोड घेऊन, आणि जेवून भिंतीकडे तोंड करून झोपायची. त्यानं कॉलेजचं पहिलं वर्ष अर्धवट टाकलं. कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला घरात कुणी उरलं नव्हतं. दातांच्या लॅबमधे प्लॅस्टर झाडायला राहिला आणि पहिल्याच दिवशी मनात म्हणाला, मी राहिलो तर राहिलो, हा राहता कामा नये. मग संध्याकाळी सहा ते आठ. स्वयंपाकघराच्या ओट्याशी धाकटा उभा, कारण बसलं की डोळा लागतो. पाढे सुलटे, पाढे उलटे. हात त्यानं एकदाही उचलला नाही, ही गोष्ट तो मोठ्या मानानं सांगायचा. शेजारचा बाप पट्ट्यानं मारायचा, आणि आम्ही बघा, फुलासारखं सांभाळलं. फक्त चुकलं की तो विचारायचा, का चुकलं? आणि 'माहीत नाही' हे उत्तर चालायचं नाही. कारण सांगितल्याशिवाय जेवण नाही, त्याचंही नाही नि धाकट्याचंही नाही. दोघंही उपाशी. स्वतः उपाशी राहतो म्हणजे आपण न्यायी आहोत असं त्याला वाटायचं. पुढे पुढे धाकटा भराभर कारणं सांगायला शिकला, अक्षर घाईत काढलं, लक्ष खिडकीकडे गेलं, मी मूर्ख आहे. शेवटचं कारण तो सगळ्यात लवकर सांगायचा, कारण त्यावर पुढचा प्रश्न यायचा नाही. शाळेच्या शेवटच्या परीक्षेला त्यानं धाकट्याला रोज केंद्राच्या फाटकापर्यंत सोडलं. रोज संध्याकाळी धाकटा म्हणायचा, चांगला गेला पेपर. निकालाच्या कागदावर पहिला विषय सोडून सगळीकडे 'गैरहजर' होतं. फाटकातून आत जाऊन मागच्या बाजूनं तो बाहेर पडायचा आणि जवळच्या एका सोफ्याच्या कारखान्यासमोर दिवसभर उभा राहून स्प्रिंगा कशा बांधतात ते बघायचा. "तिथं कुणी मला काही विचारत नव्हतं," एवढंच तो म्हणाला होता. मग दीड वर्ष दोघं भाऊ एका छताखाली एकमेकांशी बोलले नाहीत. बोलणं सुरू झालं तेही मीठ दे, दार लाव असं. आई गेली, लग्नं झाली, धाकट्याचं मोडलंही, आणि धाकटा हळूहळू त्याच्या मनात एका अयशस्वी उदाहरणाच्या जागी जाऊन बसला. मुलीला तो म्हणायचा, काकासारखं व्हायचंय का? मुलगी मान खाली घालायची. लाजली असेल, असं त्याला वाटायचं.

दुकानाचं शटर निम्मं वर होतं. आत सोफ्याचा उघडा सांगाडा आडवा पडला होता, त्याच्या पोटात स्प्रिंगांच्या रांगा, आणि फोम कापल्यावर येतो तो कोरडा, रबरी वास थेट फुटपाथपर्यंत आला होता. तो वाकून आत शिरणार, तेवढ्यात आतून एक आवाज आला आणि तो तसाच अर्धा वाकलेला थांबला. आवाज मोठा होता, खणखणीत, आणि त्यात रुबाब होता. "काका, आधी तोंडातल्या चुका काढ, मग वहीतल्या काढू!" सोफेवाले बारीक खिळ्यांना चुका म्हणतात आणि हात मोकळे राहावेत म्हणून त्या ओठांत धरतात. धाकटा जमिनीवर मांडी घालून बसला होता, ओठांत सात-आठ चुका, एका हातात हातोडी, आणि समोर गडद रेग्झीनच्या तुकड्यावर खडूनं समीकरण लिहिलेलं. कापायच्या उंच टेबलावर मुलगी बसली होती, पाय हलवत. "मी काय सांगितलं? या बाजूचे पाच काढलेस ना? मग त्या बाजूचेही पाच काढायचे." धाकट्यानं चुका तळहातावर काढल्या. "अगं पण त्या बाजूच्यांनी काय घोडं मारलंय?" आणि मुलगी हसली. डोकं मागे टाकून, पोट धरून, टेबलावर टाच आपटत हसली, आणि हसता हसता म्हणाली, "तू ना काका, तू अशक्य आहेस, भिंगरे म्हणतोस मला आणि स्वतःच गोल गोल फिरतोस." भिंगरी. धाकटा तिला भिंगरी म्हणतो हे त्याला माहीत होतं आणि ते नाव नेहमी त्याला चुकीचं वाटलेलं होतं, इतक्या शांत मुलीला कशाला भिंगरी. तो वाकलेलाच होता. कंबर दुखायला लागली होती. मनात आलं, इथूनच परत फिरावं. ही मुलगी तेरा वर्षांची आहे आणि तिचं हसणं आपण आज पहिल्यांदा ऐकतोय, तर अजून थोडं ऐकावं आणि गुपचूप निघून जावं. पण मागून कुणीतरी सायकलची घंटी वाजवली, तो दचकला, आणि त्याचं डोकं शटरला लागलं.

हसणं थांबलं. पाय आधी थांबले, मग टाच, मग तोंड. मुलगी टेबलावरून खाली उतरली, झगा सारखा केला आणि वही छातीशी धरली. "बाबा, तुम्ही?" काकाला ती तू म्हणत होती, त्याला तुम्ही. घरात हे रोजचंच होतं आणि कानाला कधी लागलं नव्हतं. "मोटर जळाली," तो डोकं चोळत म्हणाला. "शाळेत गेलो होतो." तिच्या चेहऱ्यावरचा रंग इतक्या पटकन उतरला की त्याला घाई करावी लागली. "काही बोललो नाही मी. बाईंना काही कळलेलं नाही. मी तिचा काका आहे असं सांगितलं." धाकट्यानं आधी त्याच्याकडे बघितलं, मग मुलीकडे, आणि हसू येईल असं वाटून तोंड उघडलं, हसू आलं नाही. तो उठून उभा राहिला. "दादा, मी सांगणारच होतो तुला." "कधी?" त्यानं विचारलं. त्याला फक्त विचारायचं होतं. पण शब्द बाहेर पडला तो त्या जुन्या, ओट्याजवळच्या आवाजात पडला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत दोघंही ताठ झाली. एकाच वेळी. पस्तिशीचा, कानांवर पांढरे केस आलेला माणूस आणि तेरा वर्षांची पोर; दोघांचे खांदे मागे गेले, हात मांड्यांना चिकटले, नजर त्याच्या छातीच्या दुसऱ्या बटणावर स्थिरावली. त्यानं जन्मात दोन माणसांना शिकवलं होतं, आणि ती दोन्ही समोर उभी होती.

"चार वाजत आलेत," तो म्हणाला, जमेल तितक्या हळू. "तुला जायला हवं. बाई वाट बघतायत." धाकट्याला आधी समजलंच नाही. "कुठं?" "सभेला. जा. सही राहिलीय तुझी." "दादा, अरे... तूच चल ना. दोघं जाऊ. सांगून टाकू काय असेल ते. मी माफी मागतो बाईंची." "आणि हिनं उद्या वर्गात तोंड कसं दाखवायचं? नको. जसं चाललंय तसं चालू दे. बाई चांगल्या आहेत, तुझं कौतुक करत होत्या." हे बोलताना त्याला वाटलं होतं की आपण काहीतरी मोठं देऊन टाकतोय आणि ते देताना हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. दात उपटल्यावर जीभ पुन्हा पुन्हा त्या भोकात जाते तसं मन त्याच शब्दाकडे जात होतं, काका, काका. धाकट्यानं कोपऱ्यातल्या बादलीत हात धुतले, भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला धुतलेला शर्ट घातला. फक्त सभेसाठी ठेवलेला असावा. घडीच्या रेघा अजून तशाच होत्या. बटणं लावली. "दादा," तो दाराशी जाऊन म्हणाला, "तुझ्यावर कुरघोडी करायची म्हणून नाही रे केलं. तू माझ्यासाठी कॉलेज सोडलंस ते मला कळतं. रोज कळतं. पण ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, काका, तू येशील का, तू काही विचारत नाहीस. मी नाही कसं म्हणणार होतो?" "नाही म्हणायचंच नव्हतं," तो म्हणाला. "जा, उशीर होतोय." धाकटा शटरखालून वाकून गेला. बाहेर गेल्यावर एकदा मागे वळला, मुलीला डोळ्यांनी काहीतरी सांगितलं, आणि निघाला.

आता ती दोघंच होती. तो सोफ्याच्या सांगाड्याच्या लाकडी कडेवर बसला. मुलगी उभीच होती. "बस ना," तो म्हणाला. ती बसली, टेबलावर नाही, खाली, जिथं काका बसला होता तिथं, पण पाठ ताठ. काय बोलावं? तेरा वर्षांत तो तिच्याशी लाखो शब्द बोलला असेल आणि त्यातला एकही आत्ता उपयोगाचा नव्हता. बाईंनी सांगितलेलं एक वाक्य तेवढं हाताशी होतं. "तू डबा कुणाबरोबर खातेस?" त्यानं विचारलं. ती चटकन म्हणाली, "सगळा संपवते मी, बाबा. काही टाकत नाही." "तसं नाही गं. कुणाबरोबर बसतेस, एवढंच." तिनं त्याच्याकडे बारकाईनं बघितलं, प्रश्नाच्या मागे दुसरा प्रश्न कुठे लपलाय ते शोधावं तसं. "मधल्या रांगेतल्या मुली असतात," ती म्हणाली. "सगळ्या हुशार आहेत. पहिल्या दहात आहेत." "असू देत," तो म्हणाला. रस्त्यावरून एक गाडी गेली, सांगाड्यातल्या स्प्रिंगा बारीक थरथरल्या. शेवटी त्यानं त्या रेग्झीनच्या तुकड्याकडे बोट दाखवलं. "मला शिकव ना ते. काकाला शिकवत होतीस तसं."

"तुम्हाला येतं, बाबा."

"विसरलो."

"तुम्हाला सगळं येतं," ती म्हणाली. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. बाहेर ऊन आहे असं सांगावं तसं तिनं सांगितलं. तरी ती त्याचं ऐकणारी मुलगी होती. तिनं वही उघडली, पेन्सिल घेतली, आणि शिकवायच्या ऐवजी मुकाट्यानं उदाहरण सोडवायला लागली. एक पायरी, दुसरी पायरी, तिसरी. खाली वाकलेला तिचा भांग, कानामागे अडकवलेली बट, वहीच्या कडेशी घट्ट दाबून धरलेला डाव्या हाताचा अंगठा, नख पांढरं झालेलं. अक्षर सुरेख होतं, छापल्यासारखं. वजाचं चिन्ह जिथं हवं तिथं होतं. खाली दोन रेघा मारून तिनं उत्तर लिहिलं आणि वही त्याच्यापुढे धरली, दोन्ही हातांनी.

त्यानं बघितलं. सगळं बरोबर होतं, एकेक पायरी. त्याला म्हणायचं होतं, छान. त्याला म्हणायचं होतं, मघाशी तू हसत होतीस तशी परत एकदा हस. पण तोंड उघडलं तर शब्द कुठल्या आवाजात बाहेर पडतील याचा त्याला भरवसा वाटेना. तो नुसता वहीकडे बघत राहिला. ती त्याच्याकडे बघत होती. एक क्षण गेला, दोन गेले. तिचा खालचा ओठ दातांखाली गेला. "थांबा, बाबा," ती पुटपुटली आणि वही आपल्याकडे ओढून घेतली. "बघते मी. कळलं. बघते." तिनं खोडरबर काढलं आणि उत्तर खोडायला सुरुवात केली.

"अगं..." त्यानं तिला थांबवायला हात पुढे केला. तो हात येताना तिनं डोळ्यांच्या कडेनं पाहिला, वही पोटाशी घेतली, आणि आणखी भराभर खोडू लागली.